अडीच डॉलरांचें चिलखत

सन २००६ च्या एप्रिल महिन्याच्या ३ तारखेस अमेरिकेंतील मेरीलँड राज्यांतल्या ‘बेथेस्डा’ या कंपनीनें एक चमत्कारिक वस्तु विक्रीस काढली. ती वस्तु म्हणजे घोड्याचें चिलखत. घोडा हाडामांसाचा नव्हता, आणि चिलखतहि लोखंडाचें नव्हतें. बरोबर दोन आठवड्यांपूर्वीं, २० मार्च रोजीं, याच कंपनीचा ‘ऑब्लिव्हियन’ नांवाचा व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाला होता. पडद्यावर एक विस्तीर्ण काल्पनिक साम्राज्य उभें राहतें. खेळणारानें त्यांत मन मानेल तिकडे हिंडावें, भुयारें धुंडाळावीं, दैत्यांशीं झुंजावें, आणि चालण्याचा कंटाळा आला तर एखादा घोडा घेऊन त्यावर स्वार व्हावें, असा तो खेळ. चिलखत होतें तें या घोड्याकरितां. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या खेळयंत्राच्या दुकानांत त्याची किंमत २०० ‘पॉइंट’, म्हणजे अडीच डॉलर होती. त्या वेळच्या दरानें आपले शंभर-सव्वाशें रुपये. ही रक्कम भरली कीं इंटरनेटवरून तें चिलखत यंत्रांत उतरे, घोड्याच्या अंगावर चढे, आणि घोडा थोडे अधिक घाव सोसूं शके. याहून अधिक कार्य त्याच्या हातून होत नसे.

या अडीच डॉलरांवरून जो गदारोळ उठला, तो व्हिडिओ गेमच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. मूळ खेळाला साठ डॉलर मोजणारीं माणसें अडीच डॉलरांसाठीं हमरीतुमरीवर आलीं. थट्टेला तर ऊत आला. त्याला आतां इतकीं वर्षें लोटलीं, तरी खेळणारांच्या बोलण्यांत ‘घोड्याचें चिलखत’ हे शब्द म्हणीसारखे येतात. बिनकामाची वस्तु गळ्यांत मारून पैसे उकळणें, हा त्यांचा अर्थ. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं दहा-बारा वर्षांचीं मुलें फोनवर खेळत असतील, त्यांना ही म्हण ठाऊक नसली तरी तिच्यामागची गोष्ट चांगलीच ठाऊक आहे. ‘बाबा, एवढें एकच घेऊं का?’ हा प्रश्न त्या घरांत वरचेवर निघत असतो. त्या प्रश्नाची वंशावळ या चिलखतापर्यंत जाऊन पोंचते. किंबहुना त्याच्याहि मागें जाते.

व्हिडिओ गेम लहानाचा मोठा झाला तो नाण्यांच्या पेटीजवळ. १९७२ सालीं कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत अटारी कंपनीनें ‘पाँग’ हें यंत्र नेऊन ठेवलें. पंचवीस सेंटांचें नाणें टाकावें, आणि पडद्यावर टेबल-टेनिससारखा डाव खेळावा. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. जाऊन पाहतात तों बिघाड कांहींच नव्हता; नाण्यांचा डबा काठोकाठ भरल्यामुळें पुढचें नाणें आंत जाईना! येथील व्यवहार जत्रेंतल्या पाळण्यासारखा सरळ होता. पैसा टाका, फेरी घ्या, फेरी संपली कीं उतरा. शिवाय हात बसलेला खेळाडू एकाच नाण्यांत पुष्कळ वेळ टिके; म्हणजे कौशल्याला कांहीं मोल होतें. यंत्रवाल्यांना हें फार दिवस परवडणारें नव्हतें. १९८५ च्या ‘गाँटलेट’ या खेळांत खेळाडूनें कांहींहि चूक केली नाहीं तरी त्याचें प्राणबळ घड्याळाच्या कांट्याबरोबर घटत जाई. वाटेंत सांपडेल तें अन्न खावें, नाहींतर नवें नाणें टाकावें. १९९० च्या ‘डबल ड्रॅगन ३’ या खेळानें तर खेळाच्या आंतच दुकान थाटलें, आणि तेथें शस्त्र व बळ हीं खिशांतल्या खऱ्या नाण्यांवर विकलीं. ही युक्ति त्या काळीं रूढ झाली नाहीं, पण बीज तेथें पडलें होतें.

घरांत खेळावयाच्या खेळांची रीत निराळी होती. तेथें डबा विकत आणावयाचा, त्यांतील तबकडी यंत्रांत घालावयाची, आणि मग खेळ आपला झाला. तो मित्राला द्या, धाकट्या भावाला द्या, कीं जुन्या बाजारांत विका. विचारणारा कोणी नाहीं. लोकांना तो खेळ आणखी हवा आहे असें दिसलें, तर कंपनी पुरवणी काढी. १९९८ सालीं ब्लिझर्ड कंपनीनें ‘स्टारक्राफ्ट’ हा युद्धाचा खेळ काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ब्रूड वॉर’ ही त्याची पुरवणी काढली. नवी सेना, नव्या मोहिमा, नवे नकाशे. पुरवणी कसली, अर्धाअधिक नवा खेळच तो! दक्षिण कोरियांत पुढें या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवूं लागले, एवढी त्याची मातब्बरी. उलट १९९७ सालच्या ‘टोटल अॅनायहिलेशन’ या खेळाच्या कर्त्यांनीं सेनेंतील नवीं यंत्रें इंटरनेटवर ठेवून दिलीं, आणि ज्यानें खेळ घेतला असेल त्यानें तीं फुकट न्यावींत असें सांगितलें. लहान भर फुकट, मोठी पुरवणी विकत, असा एक संकेत त्या दिवसांत आपोआपच पडून गेला होता.

आपोआप म्हणण्याचें कारण असें, कीं तो संकेत सद्भावनेवर उभा नव्हता. तबकडी छापावयाची, खोका बनवावयाचा, मालगाडीनें दुकानांत पोंचवावयाचा, दुकानदाराला त्याचें कमिशन द्यावयाचें, आणि फळीवर जागा मिळवावयाची; या सगळ्या खर्चांत अडीच डॉलरांचा खोका कोण छापणार? वाहतुकीच्या खर्चानेंच क्षुद्र पुरवण्यांना बांध घातला होता. २००५ च्या नोव्हेंबरांत एक्सबॉक्स ३६० बाजारांत आला आणि त्याच्या पोटांतच दुकान आलें. खोका नको, गाडी नको, फळी नको. बांध फुटला, आणि पांच महिन्यांच्या आंत घोडा चिलखत घालून उभा राहिला.

त्या दुकानाचें चलनहि पाहण्यासारखें होतें. तेथें डॉलर चालत नसत, ‘पॉइंट’ चालत. एका डॉलरास ८० पॉइंट हा दर. आतां ८० नें भागाकार तोंडीं करणें चौथीच्या मुलासहि जड जातें, आणि कदाचित् तो हेतुहि असावा. पुनः हे पॉइंट सुटे मिळत नसत. ५००, १००० अशा गठ्ठ्यांनीं घ्यावे लागत. ५०० पॉइंट घेऊन २०० चें चिलखत आणलें, कीं ३०० खात्यांत पडून राहिले. उरलेले परत मागण्याची सोय नव्हती, म्हणून दुसरें कांहींतरी घ्यावयाचें. आणि तें घेतलें कीं पुनः कांहीं उरावयाचे. २०१३ सालीं मायक्रोसॉफ्टनें ही पद्धति सोडून साध्या चलनांत किमती लावल्या. परंतु आपल्या मुलांच्या फोनवरील खेळांतले हिरे, मोहरा आणि रत्नें हीं त्याच पॉइंटांचीं भावंडें होत. किंमत डोळ्यांपुढें उभी राहूं नये, एवढेंच त्यांचें कर्तव्य.

तथापि लोकांच्या रागाचें कारण पैसा नव्हे, हें पुढील घटनांवरून स्पष्ट होतें. बेथेस्डानें त्यानंतर लगेच ग्रहमालेची एक वेधशाळा आणि जादूगाराचा मनोरा अशा पुरवण्या काढल्या. त्या चिलखतापेक्षां स्वस्त, १५० पॉइंटांच्या, आणि त्यांत करण्यासारखें कांहीं होतें. कुरबुर कमी झाली. २००७ च्या मार्चमध्यें ‘शिव्हरिंग आइल्स’ ही मोठी पुरवणी आली. तिची किंमत ३० डॉलर, म्हणजे चिलखताच्या बारा पट. लोकांनीं ती आनंदानें घेतली आणि वाखाणलीहि. कंपनीलाहि आपल्या फजितीची गंमत वाटूं लागली असावी. १ एप्रिल २००९ रोजीं तिनें इतर पुरवण्यांच्या किमती उतरवल्या आणि चिलखताची मात्र दुप्पट केली! गमतीची गोष्ट अशी, कीं इतकी थट्टा होऊनहि तें चिलखत घेणारे पुष्कळ निघाले.

मग राग कशाचा? समजा, संगीत नाटकाला एक गृहस्थ तिकीट काढून बसले आहेत. खुर्चीवर मखमली गादी हवी असेल त्यानें दोन आणे द्यावेत, असें कोणी येऊन सांगितलें, तर ज्याला हौस असेल तो देईल. बाकीचे लाकडी खुर्चीवर बसूनहि तेंच गाणें ऐकतील. परंतु तिसरा अंक संपल्यावर दारें लावून घेतलीं, आणि चौथ्या अंकासाठीं पुनः पेटी फिरवली, तर नाट्यगृहांत काय होईल हें सांगावयास नको. (आपल्या नाटकमंडळ्यांनीं वन्समोअरचे पैसेहि कधीं वेगळे घेतले नाहींत.) घोड्याचें चिलखत ही मखमली गादी होती. तिच्यावांचून कोणाचें कांहीं अडत नव्हतें. लोकांनीं राग काढला तो गादीवर, पण धास्ती होती ती चौथ्या अंकाची. आज घोड्याचें चिलखत विकतात, उद्यां घोडा विकतील, परवां कथेचा शेवट विकतील, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि तें निराधार ठरलें नाहीं.

सहा वर्षांनीं, २०१२ च्या मार्च महिन्यांत, अशा दोन गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या. जपानच्या कॅपकॉम कंपनीनें ‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘टेकन’ या दोन नामांकित खेळांतील मल्ल एका आखाड्यांत आणणारा खेळ काढला. एक्सबॉक्सच्या प्रतींत ३८ मल्ल होते. जाणकारांनीं तबकडी तपासली, तों आणखी बारा मल्ल तिच्यावरच तयार होऊन बसलेले, फक्त कुलुपांत! हे बारा जण पुढें २० डॉलरांना विकावयाचे होते, आणि जुलैच्या अखेरीस ते तसे विकलेहि. बुद्धिबळाचा डबा घरीं आणावा, आणि दोन उंट तळाच्या कप्प्यांत कुलूप लावून ठेवलेले आढळावेत, किल्लीचे पैसे वेगळे, असा हा प्रकार. तक्रारी गेल्यावर कंपनीनें उत्तर दिलें, कीं पुरवणी तबकडीवर असो कीं मागाहून इंटरनेटनें येवो, फरक केवळ पोंचवण्याच्या मार्गाचा आहे. कायद्याच्या दृष्टीनें हें उत्तर तोडण्यासारखें नाहीं. पण जी वस्तु हातांत आहे, घरांत आहे, ती आपली नाहीं, हें सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटत नाहीं. आणि कॅपकॉमलाहि या पद्धतीचा फेरविचार करण्याचें कबूल करावें लागलें.

दुसरी गोष्ट कॅनडांतील बायोवेअर कंपनीच्या ‘मास इफेक्ट ३’ या खेळाची. तीन खंडांच्या या कथेंत एका प्राचीन, नष्ट झालेल्या वंशाचें गूढ पहिल्या खंडापासून चालत आलें होतें. त्या वंशाचा एकमेव उरलेला पुरुष तिसऱ्या खंडांत भेटतो. पण तो मूळ खेळांत नाहीं, प्रसिद्धीच्या दिवशींच निघालेल्या दहा डॉलरांच्या वेगळ्या पुरवणींत भेटतो. महागडी प्रत घेणारांस मात्र ती फुकट. येथें चौथा अंक खरोखरच दाराबाहेर गेला.

कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. खेळ पुरा झाला म्हणजे त्याची प्रत तपासणीसाठीं व छपाईसाठीं जाते, आणि दुकानांत येईपर्यंत आठवडे लोटतात. त्या काळांत चित्रकारांनीं आणि लेखकांनीं हात बांधून बसावें काय? त्या वेळांत केलेलें काम पहिल्याच दिवशीं पुरवणी म्हणून निघतें, हा खुलासा ऐकून घेण्यासारखा आहे. शिवाय २००५ पासून २०२० पर्यंत अमेरिकेंत मोठ्या खेळांची किंमत साठ डॉलरांवरच राहिली, आणि खेळ बनवणारांच्या तुकड्या मात्र फुगत गेल्या. कोठून तरी भरून काढणें भागच होतें. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनें २०१५ सालीं ‘विचर ३’ काढतांना जुना संकेत पुनः पाळून दाखवला. चिलखतें, वेष, लहानसहान कामगिऱ्या अशा सोळा लहान भरी सर्वांस फुकट. आणि पुढें दोन मोठ्या पुरवण्या, एक दहा डॉलरांची, दुसरी वीस डॉलरांची. त्यांतील दुसरी, २०१६ ची ‘ब्लड अँड वाइन’, कित्येक स्वतंत्र खेळांहून मोठी आहे. त्या कंपनीचें दिवाळें निघालें नाहीं.

न्यायाच्या एका प्रयत्नांतून दुसरा अन्याय कसा जन्मला, याची हकीकत याहून बोधप्रद आहे. २०१५ सालीं ईए कंपनीनें ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ हा अनेकांनीं एकत्र खेळावयाचा खेळ काढला, आणि पुढील नकाशांसाठीं ५० डॉलरांचा वेगळा पास ठेवला. परिणाम असा, कीं ज्यांनीं पास घेतला ते एका अंगणांत आणि ज्यांनीं नाहीं घेतला ते दुसऱ्या अंगणांत. मित्रामित्रांची ताटातूट झाली. २०१७ च्या दुसऱ्या भागांत कंपनीनें ही चूक सुधारली. नकाशे सर्वांस फुकट केले. पण उत्पन्नाची जागा भरली ती बंद पेट्यांनीं. जत्रेंत सोरट असते ना, तशी पेटी. पैसे द्यावेत, पेटी उघडावी, आंत काय निघेल तें दैवाधीन. आणि या पेट्यांतून नुसते दागिने निघत नव्हते. शत्रूला हरवण्याचें बळ निघत होतें. डार्थ व्हेडर हा त्या कथेंतील प्रसिद्ध खलनायक. त्याला मिळवण्यास खेळांतलीं ६०,००० नाणीं लागत, आणि एका खेळाडूनें गणित मांडलें, कीं यासाठीं चाळीस तास खेळावें लागेल. ८० डॉलर देऊन खेळ घेतला तरी व्हेडर कुलुपांत, अशी तक्रार इंटरनेटवर आली. कंपनीनें उत्तर दिलें, कीं यांतून खेळाडूला पराक्रमाचा अभिमान वाटावा असा हेतु आहे. त्या एका उत्तरावर साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीचीं मतें पडलीं. कंपनीनें व्हेडरची किंमत ६०,००० वरून १५,००० वर आणली, तरी वणवा विझेना; अखेर १७ नोव्हेंबरच्या प्रकाशनाच्या आदल्या दिवशीं खऱ्या पैशांची विक्रीच थांबवावी लागली.

सोरटीचा हा प्रश्न जपाननें आधींच ओळखला होता. तेथें फोनवरील खेळांत चित्रांची सोडत असे, आणि ठराविक चित्रांचा संच पुरा केला तरच मोठें बक्षीस मिळे. शेवटचें एक चित्र कांहीं केल्या निघत नसे, आणि पोरें पैसे ओतीत. मे २०१२ मध्यें तेथील ग्राहक-व्यवहार खात्यानें ही विशिष्ट रीत बक्षिसांविषयींच्या १९६२ च्या जुन्या कायद्याविरुद्ध ठरवली. एप्रिल २०१८ मध्यें बेल्जियमच्या जुगार आयोगानें तीन प्रसिद्ध खेळांतील पैशाच्या पेट्या जुगारच आहेत असा निर्णय दिला. शेजारच्या नेदरलंडमध्यें मात्र उलट घडलें. तेथें ईएला झालेला एक कोटी युरोंचा दंड २०२२ च्या मार्चमध्यें वरिष्ठ न्यायसभेनें रद्द केला. पेटी हा मोठ्या कौशल्याच्या खेळाचाच एक भाग आहे, स्वतंत्र जुगार नव्हे, असें तिनें ठरवलें. सीमेच्या एका बाजूस जुगार, दुसऱ्या बाजूस खेळ!

या सगळ्या धुमश्चक्रींत घोड्याच्या चिलखताचें काय झालें? त्याची अब्रू परत आली. २००६ मध्यें लोक म्हणत होते, कीं ही निरुपयोगी वस्तु आहे. २०१७ नंतर तेच लोक म्हणूं लागले, कीं कंपन्यांना विकावयाचेंच असेल तर निरुपयोगी वस्तु विकाव्यात. शक्ति विकूं नये. पैसेवाल्यानें जरीची टोपी घालून मिरवावें, पण पैशाच्या जोरावर डाव जिंकूं नये. या नव्या संकेतावर ‘फोर्टनाइट’ हा खेळ फुकट वांटला गेला, आणि केवळ वेष, नाच व टोप्या यांच्या विक्रीवर, न्यायालयांत आलेल्या कागदपत्रांप्रमाणें, २०१८ व २०१९ या दोन वर्षांत नऊ अब्ज डॉलरांहून अधिक उत्पन्न झालें. चिलखत निदान प्रामाणिक होतें. किंमत लिहिलेली, वस्तु दाखवलेली, घेणें न घेणें आपल्या मर्जीवर. फोर्टनाइटच्या बाबतींत इतकेंहि म्हणतां येत नाहीं. बटणांची मांडणी अशी, कीं चुकून बोट पडलें तरी खरेदी व्हावी, आणि मुलांनीं आईबापांस न विचारतां पैसे खर्चावेत, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगानें ठेवला, आणि डिसेंबर २०२२ मध्यें एपिक कंपनीनें त्याबद्दल ग्राहकांना परत देण्यासाठीं २४.५ कोटि डॉलर भरण्याचें मान्य केलें. एप्रिल २०२५ मध्यें ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ति निघाली. तिच्या दहा डॉलर महाग प्रतींत नवें घोड्याचें चिलखत मुद्दाम घातलें होतें, आणि या वेळीं लोक हंसले ते मायेनें.

पण ज्या चिलखताचे पैसे भरले, तें घेणाराचें झालें काय? खोक्यांतली तबकडी त्याची होती. खात्यांतलें चिलखत विकतां येत नाहीं, मित्राला देतां येत नाहीं. २९ जुलै २०२४ रोजीं एक्सबॉक्स ३६० चें दुकान बंद झालें. पूर्वीं घेतलेला माल खात्यांतून पुनः उतरवतां येतो, एवढें आश्वासन तेवढें मिळालें. त्याच वर्षीं ३१ मार्चला यूबीसॉफ्ट कंपनीनें ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारींचा खेळ कायमचा बंद केला. ज्यांनीं पैसे देऊन घेतला होता, त्यांच्याहि तो हातचा गेला. कॅलिफोर्नियानें यानंतर कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून असें बंधन घातलें, कीं जेथें ग्राहकाला केवळ वापरण्याची परवानगी मिळते, तेथें तसें स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरतां कामा नये. युरोपांत तर विकलेले खेळ असे मारून टाकूं नयेत, या मागणीच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

हा अनुभव आपल्याकडील मुलांनाहि आला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, आणि ३० ऑक्टोबरला तो खेळ येथें पुरता थांबला. त्यांतील वेष आणि नटवलेल्या बंदुका यांवर ज्यांनीं खाऊचे, वाढदिवसाचे पैसे घातले होते, त्यांचीं खातीं आठ महिने अंधारांत राहिलीं. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नव्या नांवानें परत आला, आणि जुन्या खात्यांतला माल नव्यांत हलवून घेण्याची सवलत मिळाली. तिची मुदत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत होती. तोंवर ज्यांना कळलें नाहीं, त्यांचे वेष जुन्या खात्यांतच राहून गेले.